विद्यापीठ बेटावर, मुळं मुख्यभूमीत

ग्रेनेडा हा कॅरिबियन समुद्रातला देश अवघ्या ३४४ चौरस किलोमीटरचा, म्हणजे बृहन्मुंबईच्या निम्म्याहून जरासा मोठा. लोकसंख्या सव्वा लाखाच्या आतबाहेर. ७ फेब्रुवारी १९७४ला तो ब्रिटिशांच्या ताब्यातून सुटला आणि जेमतेम अडीच वर्षांत, जुलै १९७६मध्ये, त्याच्या संसदेनं एक कायदा केला. कायद्याचं शिक्षण घेतलेला चार्ल्स मोडिका हा तरुण अमेरिकी आणि त्याचे काही साथीदार यांना बेटावर खासगी वैद्यकीय महाविद्यालय काढायला त्या कायद्यानं परवानगी दिली. जानेवारी १९७७मध्ये वर्ग भरले. आज त्याचं सेंट जॉर्जेस विद्यापीठ झालं आहे. तिथून बाहेर पडलेल्या डॉक्टरांची संख्या वीस हजारांच्या पुढे गेली आहे, आणि देशाच्या एकूण उत्पन्नातला सुमारे पाचवा हिस्सा या एका संस्थेशी बांधलेला असल्याचे अंदाज मांडले जातात.

या वाढीची गोष्ट दोन तऱ्हांनी सांगितली जाते. एक विद्यापीठाच्या माहितीपत्रकातली: दूरदृष्टीचा संस्थापक, निळा समुद्र, जगभरचे विद्यार्थी. दुसरी अमेरिकेतल्या टीकाकारांची: तिकडे प्रवेश न मिळालेल्यांसाठी पैसे घेऊन उघडलेला मागचा दरवाजा. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्हींमध्ये बेट म्हणजे नुसता मागचा पडदा. बेटाच्या बाजूनं पाहिलं तर प्रश्न वेगळाच दिसतो. ही संस्था उद्या उठून गेली तर तिचं काय नुकसान होईल आणि बेटाचं काय? माझ्या मते बेटावरच्या खासगी विद्यापीठाची खरी कसोटी हीच आहे. शिक्षणाचा दर्जा, इमारती, निकाल या गोष्टी त्यानंतर येतात.

मुळात १९७६मध्ये ग्रेनेडाकडे विकण्यासारखं होतं काय? मोठं शिकवणारं रुग्णालय नव्हतं, प्राध्यापक नव्हते, विद्यार्थीही नव्हते. होता तो एक अधिकार. सार्वभौम देशाच्या संसदेनं मान्यता दिलेली वैद्यकीय पदवी जगात कायदेशीर ठरते. न्यूयॉर्क राज्यात नवं वैद्यकीय महाविद्यालय उभं करायचं तर केवढे सव्यापसव्य. इथे एका छोट्या सभागृहाचा ठराव पुरे. नव्यानं स्वतंत्र झालेल्या छोट्या बेटांनी आपलं सार्वभौमत्व नाना तऱ्हांनी बाजारात आणलं आहे. कुणी रंगीबेरंगी टपाल तिकिटं काढली, कुणी परक्या जहाजांना आपला झेंडा दिला, कुणी बँकखात्यांची गुप्तता विकली. ग्रेनेडा स्वतः आज गुंतवणुकीच्या बदल्यात नागरिकत्व देतो. वैद्यकीय पदवीचा अधिकार त्याच मालिकेतला आहे. यात नाक मुरडण्याजोगं मला काही दिसत नाही. तेल नाही, खनिज नाही, शेतजमीन तुटपुंजी, अशा देशानं कायदा हीच साधनसंपत्ती मानली तर त्यात गैर काय? फक्त भाव काय ठरला आणि करार कसा झाला, हे मात्र विचारायला हवं.

गिऱ्हाईक कुठून आलं हे समजायला अमेरिकेचा हिशेब पाहावा लागतो. १९८०मध्ये तिथल्या सरकारनं नेमलेल्या एका समितीनं भाकीत केलं की, १९९०पर्यंत देशात सत्तर हजार डॉक्टर जास्तीचे होतील. हे भाकीत खोटं ठरलं. पण त्याच्या धाकानं एमडी ही तिथली मूळ वैद्यकीय पदवी देणाऱ्या महाविद्यालयांच्या जागा पुढे वीसेक वर्षं जवळपास गोठल्या. गंमत अशी की, रुग्णालयांतल्या निवासी डॉक्टरांच्या जागा मात्र अमेरिकी पदवीधरांपेक्षा कायम जास्त राहिल्या. १९९७च्या कायद्यानं मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या पैशातून चालणाऱ्या त्या जागांवर मर्यादा घातली, तरी फट बुजली नाही. आजही तिथे एमडीसाठी दर वर्षी पन्नास हजारांवर जण अर्ज करतात आणि प्रवेश मिळतो बावीस-तेवीस हजारांना. नाकारलेल्यांतले सगळेच काही कच्चे नसतात. एका बाजूला डॉक्टर व्हायला आसुसलेले आणि कर्ज मिळवू शकणारे हजारो तरुण, दुसऱ्या बाजूला रिकाम्या राहणाऱ्या निवासी जागा. मधला पूल कुणीतरी बांधणारच होतं. तो समुद्रात बांधला गेला, कारण जमिनीवर बांधायला बंदी होती.

पहिली दोन वर्षं बेटावर पुस्तकी विषय, पुढची दोन वर्षं मुख्यतः अमेरिकेतल्या रुग्णालयांत प्रत्यक्ष काम, असा हा साचा. त्या रुग्णालयांना विद्यापीठ पैसे मोजतं. सेंट जॉर्जेसनं न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक रुग्णालयांशी दहा वर्षांसाठी दहा कोटी डॉलरपर्यंतचा करार केला, तेव्हा तिथल्या स्थानिक महाविद्यालयांनी आरडाओरडा केला: आमच्या मुलांच्या जागा विकल्या! ब्रुकलिनच्या गरीब वस्तीतल्या रुग्णाला मात्र आपल्या डॉक्टरनं शरीररचना कुठल्या समुद्रकिनारी पाठ केली याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. न्यू जर्सीतल्या मराठी घरांतही ‘कॅरिबियनला मेडिकलला आहे’ हे वाक्य आता कुणाला दचकवत नाही. ते किंचित खालच्या आवाजात उच्चारलं जातं, इतकंच. भारतीय वंशाचे अमेरिकी विद्यार्थी या विद्यापीठांत सहज नजरेत भरतात. १ मे १८५७ला ‘मेडस्टोन’ नावाच्या जहाजातून ग्रेनेडात पहिले भारतीय उतरले होते, मळ्यांवर राबायला, गिरमिटाच्या करारावर. आताचे उतरतात ते तीन लाख डॉलरच्या पुढे जाणारा खर्च अंगावर घेऊन. कर्जाचा करार तेवढा दोन्हीकडे आहे.

खासगी विद्यापीठाबरोबर बेटावर फक्त शुल्क येत नाही, हे ग्रेनेडाला १९८३मध्ये समजलं. १३ मार्च १९७९ला मॉरिस बिशप यांच्या न्यू ज्युअल मूव्हमेंटनं सत्ता घेतली होती. पंतप्रधान एरिक गेरी तेव्हा परदेशात होते. बिशप डावे, क्यूबाचे मित्र, वॉशिंग्टनच्या डोळ्यांत सलणारे. क्यूबाच्या मदतीनं ते पॉइंट सेलिन्सला मोठी धावपट्टी बांधत होते. ती लष्करी असल्याचं अमेरिका म्हणे, पर्यटनासाठी असल्याचं ग्रेनेडा म्हणे. आणि त्या धावपट्टीच्या टोकाशीच या अमेरिकी महाविद्यालयाचा ट्रू ब्लू परिसर होता! क्रांतिकारी सरकारनं भांडवली महाविद्यालयाला हात लावला नाही आणि महाविद्यालयानं क्रांतीत नाक खुपसलं नाही. शुल्काचे डॉलर दोघांनाही हवे होते. साडेचार वर्षं हा संसार बिनबोभाट चालला.

मग सत्ताधाऱ्यांतच फूट पडली. १९ ऑक्टोबर १९८३ला बिशप आणि त्यांच्या साथीदारांना गोळ्या घालण्यात आल्या. सहा दिवसांनी, २५ ऑक्टोबरला, अमेरिकी सैन्य उतरलं. अध्यक्ष रेगन यांनी दिलेल्या कारणांत ठळक होतं ते बेटावरच्या हजारेक अमेरिकनांचं रक्षण, आणि त्यांत सहाशेच्या वर होते या महाविद्यालयाचे विद्यार्थी. पुढचा तपशील मुद्दाम सांगण्याजोगा आहे. विद्यार्थ्यांना सोडवायला आलेल्या त्या सैन्याला विद्यार्थी राहतात कुठे हेच नीट ठाऊक नव्हतं. ट्रू ब्लूला पोचल्यावर तिथल्या मुलांनी सांगितलं की, आमच्यापेक्षा जास्त जण ग्रँड आन्सच्या किनाऱ्यावरच्या दुसऱ्या परिसरात आहेत. त्यांना दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरनं काढलं. आणखी काही तिसऱ्याच ठिकाणी होते, तिथे पोचायला आणखी दिवस गेले. न्यूयॉर्कला फोन करून महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारलं असतं तरी कळलं असतं. मोडिका यांनी आधी जाहीरपणे म्हटलं की, विद्यार्थ्यांना धोका नव्हता. सरकारी अधिकाऱ्यांशी बोलणं झाल्यावर त्यांचा सूर बदलला. परत गेलेल्या विद्यार्थ्यांतल्या काहींनी विमानातून उतरताच अमेरिकेची जमीन चुंबली. ते छायाचित्र जगभर झळकलं आणि युद्धाचा युक्तिवाद तिथेच जिंकला गेला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं १०८ विरुद्ध ९ मतांनी कारवाईचा निषेध केला खरा, पण छायाचित्रापुढे ठराव कोण वाचतो?

या कारवाईत १९ अमेरिकी सैनिक मेले, ४५ ग्रेनेडियन मेले, दोन डझनांच्या आसपास क्यूबन मेले. ग्रेनेडियन मृतांत मनोरुग्णालयावर चुकून पडलेल्या बॉम्बचे बळीही होते. बिशप यांचे मारेकरी हटले म्हणून अनेक ग्रेनेडियनांनी सैन्याचं स्वागत केलं, हेही नोंदवायला हवं, कारण आपल्याकडच्या डाव्या लिखाणात ते गाळलं जातं. विद्यापीठाच्या बाजूनं पाहिलं तर निष्कर्ष साधा आहे. महासत्तेचे शेकडो नागरिक दर सहामाहीला आणून वसवणारी संस्था तुमच्या भूमीवर असेल, तर तुमच्या राजकारणात महासत्तेचा हितसंबंध जन्माला येतो. संस्थेनं तो मागितलेला नसतो, तिच्या हातीही नसतो. १९७६च्या कायद्यावर मत देणाऱ्या सदस्यांपैकी कुणाच्या मनात हे कलम असणं शक्य नव्हतं.

विद्यार्थी मात्र परतले. अपुरी धावपट्टी अमेरिकेच्या पैशानं पुरी झाली. २००९पासून त्या विमानतळाला मॉरिस बिशप यांचंच नाव आहे. सेमिस्टरच्या सुरुवातीला तिथे उतरणाऱ्या अमेरिकी मुलांपैकी किती जणांना हे नाव कुणाचं ते सांगता येईल, याची मला शंकाच आहे.

१९९०च्या दशकात संस्थेनं जे केलं ते मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि त्याबद्दलच सगळ्यांत कमी लिहिलं जातं. १९९४मध्ये संशोधनासाठी वेगळं प्रतिष्ठान काढलं. १९९६मध्ये कला आणि विज्ञान शाखा आली, १९९९मध्ये पशुवैद्यक शाखा आणि सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक्रम. कला-विज्ञान शाखेत ग्रेनेडाची आणि शेजारच्या बेटांची मुलं शिकू लागली. तोवर त्यांच्यासाठी उच्च शिक्षण म्हणजे वेस्ट इंडीज विद्यापीठ, आणि त्याचे मोठे परिसर जमैका, बार्बाडोस, त्रिनिदादमध्ये. धंद्याच्या हिशेबानं या शाखा वैद्यकशाखेच्या पासंगालाही पुरणाऱ्या नाहीत. पण अमेरिकी मुलांसाठी चालवलेल्या शिकवणीवर्गाचं विद्यापीठ झालं ते त्यांच्यामुळे.

सप्टेंबर २००४मध्ये आयव्हन हे चक्रीवादळ आलं. बेटावरची बहुतांश घरं मोडली. इंडोनेशियाच्या खालोखाल जगाला जायफळ पुरवणाऱ्या या देशातली जायफळाची बहुतेक झाडं उन्मळली. जायफळाला फळ धरायला किती वर्षं वाट पाहावी लागते हे कोकणातल्या बागायतदाराला सांगायला नको. विद्यापीठानं काही काळ वर्ग अमेरिकेत हलवले आणि परत आणले. देशाच्या झेंड्यावर आजही जायफळ आहे, पण त्या वादळानंतर परकीय चलनाचा भार विद्यापीठ आणि पर्यटनावर आणखीच सरकला. नंतर २०२०च्या साथीत विद्यार्थी निघून गेले, तेव्हा घरमालक, टॅक्सीवाले, भाजीवाले सगळ्यांनाच कळलं की आपण नक्की कोणतं पीक घेतो आहोत.

परत येणं ही काही ठरलेली रीत नव्हे. शेजारी पाहा. १९७८मध्ये डॉमिनिका बेटावर रॉस वैद्यकीय महाविद्यालय निघालं. २००३मध्ये डीव्हराय या अमेरिकी शिक्षण कंपनीनं ते ३१ कोटी डॉलरना विकत घेतलं. पोर्ट्समथ हे डॉमिनिकातलं दुसरं मोठं गाव त्याच्यावर उभं राहिलं. विद्यार्थ्यांना भाड्यानं द्यायची घरं, खानावळी, टपऱ्या, कपडे धुणाऱ्या बायका, असं सगळं अर्थकारण. १८ सप्टेंबर २०१७च्या रात्री मारिया वादळानं डॉमिनिका झोडपून काढलं. विद्यार्थ्यांना हलवलं गेलं. एक सत्र सेंट किट्सला नांगरलेल्या जहाजावर भरलं, पुढचं थेट टेनेसीत. आणि ऑगस्ट २०१८मध्ये जाहीर झालं की, रॉस आता बार्बाडोसला जाणार. जानेवारी २०१९मध्ये तिथे वर्ग सुरूही झाले. चाळीस वर्षांचा घरोबा वर्षभरात मोडला. कंपनीला दोष द्यावा तरी कसा? भागधारकांची कंपनी होती, धोका तोलला, गेली. ज्यांनी विद्यार्थ्यांना खोल्या भाड्यानं देण्यासाठी कर्ज काढून मजले चढवले होते, त्यांच्याकडे बार्बाडोसला जाण्याचा पर्याय नव्हता.

त्याच वर्षी, १९७८ला, माँटसेराट बेटावर अमेरिकन युनिव्हर्सिटी ऑफ द कॅरिबियन निघालं. १९९५मध्ये तिथला ज्वालामुखी जागा झाला आणि राजधानी प्लिमथ पुढे राखेखाली गेली. महाविद्यालय सेंट मार्टिन बेटावर गेलं. तिथे २०१७मध्ये अर्मा वादळ आलं, तेव्हा काही काळ इंग्लंडमध्ये. ज्वालामुखीपुढे कोण टिकणार, इथे निवड नव्हतीच. पण माँटसेराटमध्ये आज काय उरलं, असं विचारलं तर विद्यापीठाच्या खात्यावर फार काही नोंदवता येत नाही.

मग ग्रेनेडात राहणं आणि डॉमिनिकातून जाणं यांत फरक कशाचा? नशिबाचा आहेच. आयव्हननं ट्रू ब्लूला तितकं झोडपलं नाही. पण रॉसकडे डॉमिनिकात वैद्यक सोडून काही नव्हतं, बेटावरचा फारसा विद्यार्थिवर्ग नव्हता, आणि तिची मालकी दूरच्या कंपनीकडे होती. सेंट जॉर्जेसनं तोवर स्वतःला बेटात इतकं गुंतवून घेतलं होतं की, उठायचं तर बरंच काही सोडून जावं लागलं असतं. हे परोपकारातून घडलं असं मी म्हणत नाही. संस्थापक तेच राहिले, जमीन वाढत गेली, सरकारशी नातं जुनं झालं. हेतू काहीही असो, जाणं महाग झालं.

या ठिकाणी आपल्याकडची आठवण येणं अपरिहार्य आहे. १९५३मध्ये टी. एम. ए. पै यांनी मणिपालला देशातलं पहिलं स्वयंअर्थसहाय्यित वैद्यकीय महाविद्यालय काढलं. महाराष्ट्रातले ऐपतदार पालक मुलांना घेऊन तिकडे जात. कर्नाटकात जाणारा हा पैसा पाहूनच १९८३मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित महाविद्यालयांना दार उघडलं आणि लोणी, कराड अशा गावांत वैद्यकीय महाविद्यालयं निघाली. शिक्षणसम्राट हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो, आणि देणगीच्या व्यवहारांपायी तो त्यांनी कमावलेलाही आहे. पण दोन गोष्टी त्यांना चुकवता आल्या नाहीत. एक, महाविद्यालय काढायचं तर नियमाप्रमाणे खाटा असलेलं रुग्णालय शेजारी चालवावंच लागे. शिकाऊ डॉक्टरांना रुग्ण हवेत, म्हणून उपचार स्वस्तात द्यावे लागत. दुसरी गोष्ट म्हणजे संस्थाचालकाला त्याच तालुक्यात मतं मागायची होती. लोणीचं महाविद्यालय वादळ आलं म्हणून बार्बाडोसला जाऊ शकत नाही. कॅरिबियनच्या साच्यात नेमकं हे रुग्णालय गळलं. रुग्ण ब्रुकलिनमध्ये आहेत, त्यामुळे बेटावर रुग्णालय उभारण्याची गरजच उरली नाही. ग्रेनेडाच्या सरकारी रुग्णालयाला विद्यापीठाची मदत होते, नाही असं नाही. पण ती मदत आहे, अट नव्हे. हजारो डॉक्टर घडवणाऱ्या देशातला माणूस गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेसाठी आजही बेटाबाहेर जातो. (मणिपालच्या समूहानं पुढे अँटिगा बेटावरचं अमेरिकन युनिव्हर्सिटी ऑफ अँटिगा ताब्यात घेतलं. त्याची वाट मात्र कॅरिबियनचीच राहिली.)

मालकीचा प्रश्न आता ग्रेनेडातही बदलला आहे. २०१४मध्ये आल्टस पार्टनर्स आणि बेअरिंग प्रायव्हेट इक्विटी एशिया या गुंतवणूक कंपन्यांनी सेंट जॉर्जेसमध्ये ७५ कोटी डॉलर घातले. अशा कंपन्यांचा धंदाच मुळी काही वर्षांनी वाढीव भावात विकून बाहेर पडण्याचा. त्यांना वाईट म्हणायचं कारण नाही, पण ज्या संस्थेवर देशाचा पाचवा हिस्सा टेकलेला आहे तिचे मालक बाहेर पडण्याची तारीख मनात धरूनच आत आलेले असतात, हे ग्रेनेडाच्या अर्थमंत्र्यानं विसरून चालणार नाही.

आणि धोका वादळाचाच असेल असंही नाही. ४ जुलै २०२५ला अमेरिकेत सही झालेल्या कायद्यानं व्यावसायिक शिक्षणासाठीच्या सरकारी कर्जाला वर्षाला पन्नास हजार आणि एकूण दोन लाख डॉलरची मर्यादा घातली. लागू होण्याची तारीख १ जुलै २०२६. त्यावरचा खर्च भागवणारी जुनी ग्रॅड प्लस योजना नव्या कर्जदारांसाठी बंद. तीन लाखांच्या पुढचं शिक्षण आणि दोन लाखांचं कर्ज, यातली तफावत खासगी कर्जानं भरायची की शुल्क उतरवायचं की विद्यार्थी कमी घ्यायचे, हे विद्यापीठ ठरवेल. त्याचा परिणाम ग्रँड आन्सच्या घरभाड्यावर होईल. कायदा करणाऱ्यांच्या चर्चेत ग्रेनेडाचं नाव निघण्याचं काही कारण नव्हतं.

बेटांनी करावं काय? एकट्या बेटानं कडक अटी घातल्या तर संस्था शेजारी जाते, ही सबब खरी आहे. म्हणूनच कॅरिबियन देशांनी २००३च्या सुमारास वैद्यकीय शिक्षणाची मान्यता देणारी सामाईक यंत्रणा उभारली. ती अभ्यासक्रम आणि दर्जा तपासते. पैशाच्या आणि मुक्कामाच्या अटी सामाईक करण्यापर्यंत मात्र ही बेटं अजून आलेली नाहीत. त्या अटी अशा असाव्यात: शुल्काचा ठरावीक वाटा सरकारी रुग्णालयासाठी, तोही कराराच्या कलमात. स्थानिक मुलांसाठी वैद्यकशाखेत राखीव जागा. जाण्याआधी दोन-तीन वर्षांची सूचना, आणि सूचना न देता गेल्यास आधीच ठेवलेल्या अनामत रकमेतून घरमालकांना आणि नोकरांना भरपाई. आपल्याकडचा कोणताही भाडेकरार यापेक्षा कडक असतो. डॉमिनिकानं अशी अनामत १९७८मध्ये मागितली असती तर रॉस आलं असतं का? बहुधा नसतं. पण १९९८मध्ये, वीस वर्षं बस्तान बसल्यावर, मागता आली असती. ग्रेनेडाच्या हातात आज ती वेळ आहे, कारण सेंट जॉर्जेसला अजूनही तिथून उठणं महाग पडतं. नव्या कर्जमर्यादेनंतर आणखी दहा वर्षांनी तसं असेलच याची खात्री नाही.